मुका, मौनी आणि प्रेत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बातमीचं सार पहिल्याच वाक्यात यावं, असं मी नव्या वार्ताहरांना जन्मभर शिकवलं. इथं मात्र ते वाक्य — थोडं थांबून लिहितो.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका दैनिकाचा उपसंपादक होतो आणि राज्य नाट्यस्पर्धेसाठी हौशी नाटकं लिहून बसवत होतो. आमच्या संघात नरसय्या होता. यंत्रमागावर कामाला, घरात तेलुगू. मागांच्या खडखडाटात बोलून त्याचा आवाज असा झाला होता, की तो कुजबुजला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. टपरीवर मराठी, तेलुगू, दखनी मिसळून तो किस्से सांगू लागला की ऐकणाऱ्यांचे चहा निवायचे. फुशारकीही तेवढीच — आपल्यावाचून नाटक उभं राहत नाही, हे तो आम्हाला रोज ऐकवायचा.

मी विणकरांवर नाटक लिहिलं. विणकर नायक कुणाला दिला? बँकेतल्या कारकुनाला. त्यानं माग पाहिला होता तो खिडकीतून. नरसय्याला दिला नायकाचा मुका भाऊ.

मुकं काम सगळ्यात अवघड असतं, असं मी त्याला सांगितलं. त्यानं ते मनावर घेतलं. थोड्याच दिवसांत त्याची बायको लक्ष्मम्मा थेट आमच्या कचेरीत आली.

“काय केलाव ओ आमच्या माणसाला? मीठ पायजे तरी हात हलवायलाय. डॉक्टरकडं नेऊ का देवऋष्याकडं?”

सगळी कचेरी हसली. मीही हसलो. निदान तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं — नाही का?

पुढच्या वर्षी त्यानं बोलायचं काम मागितलं. मी मौनव्रती साधू लिहिला. त्याच्या पुढच्या वर्षी — प्रेत. पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत. ऐन प्रयोगात कारकून वाक्य विसरला, तेव्हा प्रेतानं ते कुजबुजून सुचवलं. शेवटच्या रांगेपर्यंत. त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी प्रेताला पडली.

तोंडावरची पांढरी पावडर पुसत तो म्हणाला, “पुढच्या टायमाला भिंतीवर फोटो लावा की माझा. हार घालून.”

आता ते वाक्य. त्याच्या मराठीला तेलुगूचा हेल होता. पुण्याहून येणारे परीक्षक हसतील आणि गुण कापतील, अशी मला भीती होती, म्हणून त्याच्याशी खोटं बोलून मी त्याला तीन वर्षं गप्प ठेवलं. विणकरांच्या गावात, विणकरांच्या नाटकातसुद्धा.

पुढच्या वर्षी तो आला नाही. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’, असं मी वृत्तात छापलं. त्याची प्रकृती ठणठणीत होती. त्याच आठवड्यात मी टपरीवर गेलो, तर आवाज कोपऱ्यावरूनच ऐकू येत होता. मला पाहताच नरसय्या किस्सा मध्येच तोडून गप्प झाला. टपरीवाल्याकडे पाहून एक बोट वर केलं, मग माझ्याकडे दाखवलं — यांना एक चहा.

मी तो प्यालो.