लोखंडी काहिलीतला लाल

दिवाळी सरली आणि त्याच आठवड्यात बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मुंबईच्या आगबोटीवर चढवलं. रत्नागिरीला आगबोट लांब समुद्रात उभी राहते आणि उतारूंना पडावातून तिथवर जावं लागतं. बानं मला आपल्याच होडीतून नेलं. मिरकरवाड्यापासून आगबोटीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. शिडीशी होडी लावली, माझी वळकटी वर फेकली आणि म्हणाला, "मागं बघू नको, ओकशील."

वाड्यावरच्या तुम्हा मंडळींना याचा अर्थ सांगायला नको. मासेमाराचा एकुलता मुलगा आणि त्याला बोट लागते, ही माझी कीर्ती तुम्हीच तर पसरवलीत! होडी बंदराबाहेर पडली की माझं पोट ढवळायचं. आईनं लिंबं उतरवली, नवस केले, आवळासुपारी चघळायला लावली. मी आपला काठावर ओणवा तो ओणवाच. तुम्ही मला 'घाटावरचा पाहुणा' म्हणायचात, आणि मी हसायचो, कारण रडलो असतो तर आणखी एक नाव पडलं असतं.

मला एकच काम धड यायचं, ते जाळी रंगवण्याचं. ऐनाच्या झाडाची साल लोखंडी काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उकळायची, त्या गडद तपकिरी पाण्यात जाळं सोडायचं आणि दांड्यानं सारखं हलवत राहायचं. मग सूत खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. हात जरा थांबला की जाळ्यावर पट्टे उठत. बा मागून ओरडायचा, "गणू, हात थांबवू नको!" समुद्रावर निरुपयोगी असलेला मी त्या काहिलीपाशी तेवढा माणसात असायचो.

आगबोटीवर चढलो त्या दिवशी मी मागं बघितलं नाही, तरीही ओकलोच. पण खरं सांगतो, भाऊच्या धक्क्यावर पाय टेकला तेव्हा पहिलं मनात आलं ते 'सुटलो'. आणि लगेच लाज वाटली. आपण बापाला तोंडघशी पाडलं, त्याच्या होडीचं सुकाणू धरायला घरचं कोणी उरलं नाही, म्हणूनच तो बोलला नाही, असं मी मनाशी धरून बसलो.

गाववाल्याच्या ओळखीनं भायखळ्याच्या बाजूला एका कापड छापण्याच्या कारखान्यात लागलो. कारखाना कसला, पत्र्याची लांब शेड होती. दोन्ही बाजूंना मेजं, मेजांवर ताणलेलं कापड, आणि दिवसभर लाकडी ठशांची ठकठक. मालक कच्छी म्हातारा, सगळे त्याला उस्ताद म्हणत. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, वाळलं की तुरटीच्या लगद्यानं नक्षी छापायची आणि मग लाल रंगात उकळायचं. जिथे तुरटी, तिथे लाल फूल उमलायचं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी जेवायचं विसरलो होतो.

एका शुक्रवारी उस्ताद नमाजाला गेला होता. तांब्याचा हंडा तळाशी गळत होता म्हणून तांबटाकडे दिलेला. लग्नघरच्या ओढण्यांचा अख्खा तागा छापून तयार, आणि कोपऱ्यात साबणपाण्याची लोखंडी काहील रिकामी पडलेली. मला वाटलं, उस्ताद यायच्या आत काम उरकून ठेवू, शाबासकी मिळेल. जन्मभर काहिलीतच रंग पाहिलेल्या माणसाला लालासाठी तांबंच का लागतं, हे कुठून सुचणार? हिरड्यानं लोखंड ओढून घेतलं आणि लाल फुलं, पांढरी जमीन, सगळं मिळून एक तपकिरी काळपट कापड झालं.

उस्तादानं कपाळावर हात मारला. "लाल माँगा था, कोयला बना दिया!" मी कोपऱ्यात उभा. परत मिरकरवाडा, परत ती होडी, परत तो काठ. आता हा हाकलणार, असं मी धरूनच चाललो. म्हाताऱ्यानं कापड उजेडात धरलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. मग विचारलं, "एक भी धब्बा नहीं. हिलाना किसने सिखाया?"

"बापाने."

"तो बाप का नाम क्यों डुबोता है? कल से हंडे पर तू खडा रहेगा. तांबे के हंडे पर!"

त्या कारखान्याची एक रीत होती. ज्यानं कापड बिघडवलं, त्यानं ते फाटेपर्यंत अंगावर वागवायचं. अख्खा तागा मी कुठे वागवणार? दोन सदरे शिवून घेतले. त्यातला रुमालाएवढा तुकडा घरी पाठवला आणि सोबत सगळं खरं लिहिलं. उत्तर आलं नाही. तीन महिने मी त्या कोळशाच्या रंगाचे सदरे घालून उत्तराची वाट पाहिली.

शिमग्याला घरी निघालो. रत्नागिरीला आगबोटीच्या शिडीवरून खाली बघतो तर पडावांच्या गर्दीत बाची होडी, आणि बाच्या डोक्याला तोच रुमाल गुंडाळलेला! मी उतरलो तसा म्हणाला, "ह्यो तर आपल्या जाळ्याचा रंग. बिघडला म्हणून कोण सांगतो?"

वल्ही मारता मारता, माझ्याकडे न बघता, तो पुढे बोलला. "तू गेलास त्या दिवशी माजा जीव भांड्यात पडला. तू काठावर वाकायचास नि माजं अर्धं ध्यान जाळ्यात, अर्धं तुज्या कंबरेत. रोज वाटायचं, आज ह्यो जातो पाण्यात."

"मग तवा बोललास का नाय, बा?"

"कोणच्या तोंडानं बोलू? पोराला लांब धाडून बरं वाटलं, ही काय बोलायची गोष्ट हाय?"

म्हणजे त्या होडीत दोघेही सुटलो होतो आणि दोघेही एकमेकांपासून लपवत होतो. मला इतकं हलकं वाटलं की धक्का येईपर्यंत ओकायचंसुद्धा राहून गेलं.

आता ठशांची नक्षी मीच काढतो. जाळ्याच्या गाठींची एक बुट्टी बाजारात चांगली चालते. मुंबईत आलेल्या तुम्हा कुणाच्या घरी ती बुट्टी छापलेली चादर असेलही. बा थकला, होडी चुलतभाऊ चालवतो. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला ती शिडी आठवते. दर शिमग्यानंतर बा मला तिथवर पोचवायला येतो. "मागं बघू नको," असं अजून म्हणतो. मी बघतो. विटका तपकिरी रुमाल दिसेनासा होईपर्यंत बघतो, आणि मग खुशाल ओकतो.