जयपूरहून खाडीवर गरवायला

आपले आजोबा लहानपणी मासे गरवायचे, हे माझ्या लेकीला पंधराव्या वर्षी कळलं, तेही भेंडीची भाजी वाढून घेताना. बाबा सहज बोलून गेले की आमच्या घरामागच्या खाडीत या दिवसांत तांबोशी येते. तिने चमचा खाली ठेवला.

"आजोबा, मतलब तुम्ही स्वतः मछली पकडायचात?"

"पकडायचो नाही, गरवायचो," बाबा म्हणाले. "गळाने. जाळं वेगळं."

आई गेल्यानंतर बाबा रत्नागिरीकडचं गाव सोडून आमच्याकडे जयपूरला आले होते. माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली इथली, मी इथल्या कॉलेजात शिकवते. बाबा आमच्या घरात अगदी शहाण्यासारखे राहत. सकाळी फिरणं, पेपर, दुपारची झोप. कशाचा हट्ट नाही, कशाची तक्रार नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटायची. त्या दुपारी मात्र ते झोपलेच नाहीत. नातीला दोऱ्याच्या गाठी शिकवत बसले. संध्याकाळपर्यंत दोघांचं ठरलंसुद्धा होतं: दिवाळीच्या सुट्टीत खाडीवर जायचं आणि त्याआधी इथे कुठेतरी गोड्या पाण्यात हात बसवून घ्यायचा. मला फक्त कळवण्यात आलं.

लेकीने काठी आणि रीळ ऑनलाइन मागवलं. बाबांनी आयुष्यभर हातानेच दोरी फेकलेली. रिळाची मूठ फिरवून पाहताना त्यांचा चेहरा असा झाला, की माझ्या नवऱ्याने मुद्दाम फोटो काढून ठेवला. काठी रेल्वेत मोडू नये म्हणून दोघं बसने झोटवाड्याच्या बाजारात गेली आणि प्लास्टिकचा पाइप कापून, दोन्ही टोकांना झाकणं बसवून घेऊन आली.

मग गच्चीवर सराव सुरू झाला. गळ काढून ठेवलेला, दोरीला नुसतं वजनाचं शिसं, आणि समोरच्या कोपऱ्यात बादली. आमची एकच अडचण होती. खाली घरमालक राहतात, ते आणि त्यांची बायको पक्के शाकाहारी. घर देताना त्यांनी काही अट घातली नव्हती, पण आम्हीही कधी घरी मासे आणले नव्हते. त्यामुळे हा सराव आम्ही जरा दबक्या पावलांनीच करत होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी लेकीचं बोट रिळावरून आधीच सुटलं. दोरी तुटली आणि शिसं कठड्यावरून खालच्या अंगणात गेलं. तिथे मालकीणबाईंनी चादरीवर मूगडाळीच्या मंगोड्या, म्हणजे आपले सांडगेच, वाळत घातल्या होत्या.

थोड्या वेळाने घरमालक जिना चढून आले. त्यांच्या तळहातावर ते शिसं होतं.

"यह आपका है क्या?"

मी काहीतरी सारवासारव करणार होते. पण बाबांनी आपल्या कोकणी हिंदीत सगळं सरळ सांगून टाकलं. खाडी, गळ, नात, दिवाळी. घरमालक खुर्ची ओढून बसले. त्यांनी विचारलं, पकडलेला मासा सोडून देणार का? बाबा म्हणाले, लहान असला तर सोडतो, मोठा असला तर खातो, खोटं कशाला बोलू. घरमालकांनी मान हलवली आणि शिसं कठड्यावर ठेवलं. मला वाटलं, आता नवीन घर शोधावं लागणार. मग ते म्हणाले की नोकरी वीज खात्यातली, राजस्थानभर खांब मोजत फिरलो, पण समुद्र काही पाहणं झालं नाही. आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"किनारे पर बैठने तो देंगे?"

बाबा इतके हसले, की खालून मालकीणबाई काय झालं ते बघायला वर आल्या.

आता आम्ही पाच जण झालो. नवऱ्याला रजा मिळणार नव्हती. घरमालकांची एकच अट होती, धनतेरसला घरी परत यायचं. तारीख बाबांनी कॅलेंडर बघून काढली. आश्विन वद्य अष्टमी. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे ओढ कमी, नवख्याला सोपं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते; आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी नि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरणार. लेकीने लगेच मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक उघडलं. फरक अगदी थोड्या मिनिटांचा निघाला. ती घरभर तो फोन घेऊन फिरली आणि पुढचे चार दिवस भेटेल त्याला तिथी विचारून भरती सांगत सुटली.

गोड्या पाण्यातला सराव टोंककडे, माझ्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने, मत्स्यशेतीच्या तळ्यावर झाला. कणकेच्या गोळीत बाबांनी चिमूटभर हिंग मळला होता. दुपार कलली तरी काही लागेना. लेकीने काठी माझ्या हातात दिली आणि पाणी प्यायला वळली, तेवढ्यात दोरी ताणली. मी काठी जोरात मागे खेचली. बाबा मागून म्हणाले, "ओढू नकोस. जाऊ दे त्याला. आता घे." काठी हातात जिवंत झाल्यासारखी थरथरत होती. रोहू काठावर आला तेव्हा माझे गुडघे चिखलात रुतले होते, आणि प्राध्यापकबाई असल्याचं मी साफ विसरले होते. गाडीत परत येताना लेक रुसली होती, कारण पहिला मासा आईचा.

निघायच्या दिवशी स्टेशनवर घरमालक आमच्या आधी हजर होते. केरळात जाणारी गाडी कोकणातून जाते. दुसऱ्या दिवशी आम्ही रत्नागिरीला उतरलो आणि गावी माझ्या काकांच्या घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं. ठरलं असं होतं, की आज नुसती खाडी बघायची, गळ उद्या पहाटे. चहा संपतो तोच बाबा दिसेनासे झाले. आम्ही मागोमाग धावलो. ते धक्क्यावर उकिडवे बसून गळाला कोळंबी लावत होते, नात शेजारी. पलीकडे, जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे, घरमालक पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते आणि काठावरच्या बायकोला हाताने बोलावत होते. मालकीणबाई चपला हातात घेऊन निघाल्याच.