चुलतसासऱ्यांची ससाण्यांची रास

आमच्या चुलतसासऱ्यांइतका मोजण्यात मुरलेला माणूस अख्ख्या निजामाच्या मुलखात दुसरा नव्हता, आणि ज्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही ते एवढ्या निष्ठेनं मोजणारा तर उभ्या पृथ्वीवर नसेल. पेशानं ते मापाडी. येडशीच्या आसपासच्या खळ्यांवर ज्वारीची रास मोजायला त्यांनाच बोलावणं यायचं. पण खळी रिकामी झाली, की ही स्वारी रामलिंगाच्या बाजूच्या डोंगरमाथ्यावर चढून बसायची आणि उत्तरेकडं परतणारे ससाणे मोजायची. दसऱ्यानंतर ते थंडीपुरते आपल्याकडं येतात, तेव्हाही मोजायची. "आपल्या शिवारात पाव्हणे आले किती आन माघारी गेले किती, हे बगाया नगं व्हय?" असं ते मलाच दरडावून विचारत. तूट दरसाल यायचीच. ती आली की आठवडाभर त्यांना भाकरी गोड लागत नसे, जणू कमी पडलेले ससाणे त्यांच्याच हातून कुठं तरी सांडले होते.

मोजण्याची रीत मात्र खळ्यावरचीच. पहिल्या मापाला मापाडी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. तसा पहिला ससाणाही 'लाभ'. शिवाय पुढचं माप भरेपर्यंत आधीचा आकडा तोंडात घोळवत ठेवायचा, म्हणजे विसर पडत नाही. खळ्यावर माप पटकन भरतं. ससाण्यांना तशी घाई नसते. ऊन तापलं की ते गिरक्या घेत वर चढतात आणि मनात येईल तेव्हा डोंगर ओलांडतात. त्यामुळं दोन ससाण्यांच्या मध्ये कधी कधी अर्धा अर्धा तास आमचे चुलतसासरे 'सतरा, सतरा, सतरा' करत बसलेले असत. तेवढ्या वेळात जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर सतरा. चुलतसासूबाई भाकरी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "जेवून घ्या की वो." सतरा. "म्हैस व्याली!" सतरा, पण जरा आनंदानं. माझं लग्न फाल्गुनातलं. अक्षता पडून गेल्यावर हे गृहस्थ डोंगरावरून थेट मांडवात आले. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी भरल्या आवाजात आशीर्वाद दिला, "अठ्ठेचाळीस!" मग आत जाऊन भिंतीवर गेरूनं तेवढ्या रेघा ओढल्या, आणि बाहेर येऊन माझी रीतसर चौकशी केली. रेघा ओढेपर्यंत जावई कोण आणि आचारी कोण, यात त्यांना फरक नव्हता.

मी सोलापूरचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. ते मोगलाईतले, म्हणजे निजामाकडचे. इंग्रज गेला त्याच्या पुढच्या चैत्रात, निजाम हिंदुस्थानात सामील व्हायला राजी नसताना आणि सरहद्दीवर जागोजाग नाकी बसलेली असताना, मी सासरवाडीला गेलो, हा माझा पहिला शहाणपणा. चुलतसासऱ्यांसाठी जुन्या बाजारातून एक दुर्बीण घेतली आणि धोतराच्या घडीत लपवून आणली, हा दुसरा. डोंगरावर त्यांनी ती डोळ्याला लावली आणि लगेच परत दिली. "नळीतनं एक दिसतो, जावईबापू, आन धा मागनं निसटत्यात." मग मीच कड्यावर उभा राहून मोठ्या ऐटीत चहूकडं बघू लागलो. काच उन्हात चमकली असणार. तासाभरात नाक्यावरचा जमादार दोन शिपाई घेऊन वर आला.

"कौन है तू? किधर से आया?"

मी सोलापूर म्हणालो आणि आपलं भरलं, हे माझं मलाच कळलं. हातात दुर्बीण, गाव सरहद्दीपलीकडचं आणि उभा डोंगरावर! शिपायांनी माझे दंड धरले. अशा दिवसांत धरून नेलेला माणूस कधी परत येईल, याची खात्री कुणी देत नसे. जमादार चुलतसासऱ्यांकडं वळला. "चाचा, इसकू पहचानते क्या?"

नेमका तेव्हाच त्या सालातला सगळ्यात मोठा थवा माथ्यावर आला होता. "एकसष्ट, बासष्ट," चुलतसासरे वर बघत म्हणाले. जमादारानं पुन्हा विचारलं. "चौसष्ट." एका दिवसाचं माप हुकलं की सगळ्या सालाची रास हुकली, हा त्यांचा कायदा मला ठाऊक होता. मी आशा सोडली. म्हैस व्याल्यावर ज्यांनी मान वळवली नाही, ते जावयासाठी कशाला वळवतील!

शिपाई मला ओढू लागले आणि चुलतसासरे उठले. आभाळाकडं पाठ करून त्यांनी जमादारापुढं हात जोडले. "जमादारसाब, मेरे भाई की बेटी का मरद है ये. दुर्बीण मेरे वास्ते लाया. लेके जाना तो मेरेकू लेके जाओ."

जमादार त्यांच्याकडं बघत राहिला. त्याच्या घरची ज्वारीही याच हातांनी मोजलेली होती, आणि या हातांचं माप कधी खोटं निघालं नव्हतं. त्यानं दुर्बीण तेवढी काखेत मारली, शिपायांना खूण केली आणि तो उतरून गेला. मी वर पाहिलं. आभाळ रिकामं झालं होतं.

"तात्या, माझ्यामुळं तुमचं माप गेलं," मी कसंबसं म्हणालो. उतरताना त्यांच्या तोंडात एकही आकडा नव्हता, आणि मला ती शांतता सोसवेना. दारातच चुलतसासूबाईंनी विचारलं, "किती गेले आज?"

"गेले ते गेले," ते म्हणाले. "एक ऱ्हायला. त्येला घरी आणलाय. भाकर वाढ."

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. लोकांनी मला मान दिला, प्रेमही दिलं. पण माझ्यासाठी कुणी एवढं मोठं काही हातचं सोडलं, असं आठवत नाही. त्या साली किती ससाणे सुखरूप परत गेले, हे कुणालाच माहीत नाही. त्याची मला अजून लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटतो.