अर्धीच चावी

बंदूक कशाने चालते असं बालाघाटच्या महागूला विचारलं, तर तो म्हणायचा, "सनईनं." दिवाळी सरली की त्या मुलखात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि महागू आपलं फुग्यांचं दुकान घेऊन मंडईमागे मंडई फिरायचा. समोर फळीवर फुगे, हाताशी दोन हवेच्या बंदुका आणि मागे चावीचा ग्रामोफोन. तबकडी एकच, संथ सनईची. सूर लांबला की माणूस श्वास रोखतो, श्वास रोखला की हात थरथरत नाही, हे त्याचं शास्त्र. फार फुगे फुटू नयेत म्हणून बंदुकीच्या टोकाची नेम धरायची माशी त्याने जराशी वाकवून ठेवली होती, ती गोष्ट वेगळी. सगळेच दुकानवाले वाकवतात. त्या वाकड्या माशीनेही तो स्वतः दहातले आठ फुगे फोडायचा. दहाच्या दहा मात्र त्याला जन्मात जमले नव्हते.

चावी द्यायचं काम त्याच्या बायकोचं, अनुसयेचं. पुरे चाळीस फेरे दिले की तबकडी संपेपर्यंत सूर ढळत नाही. अकरा वर्षं ती मागे बसून फेरे देत होती आणि कोणाचा छर्रा कुठे जातो ते बघत होती. बंदूक तिने मागितली नाही, आणि हिला द्यावी असं याच्याही डोक्यात आलं नाही.

सदुसष्ट सालच्या मंडयांना गोंदियाचा प्रेमलाल आला. त्याचंही फुग्यांचंच दुकान, पण त्याच्याकडे बॅटरीवरचा भोंगा होता आणि भोंग्यातून ढोलकी अशी कडाडायची की चालती माणसं वळायची. किरनापूरच्या मंडईत सगळी गर्दी तिकडे. महागूच्या अंगाचा तिळपापड झाला. "ढोलकीवर का नेम लागते?" तो अनुसयेला म्हणाला. "मानसासंग बंदूक बी नाचते!"

अनुसयेची बोटं ग्रामोफोनच्या झाकणावर ढोलकीचाच ठेका धरत होती. ते महागूने पाहिलं आणि त्याचा जीव जळला.

मग ती पाण्याला म्हणून जायची ती उशिराने यायची.

"काहून येवढा वेळ?"

"गर्दी होती."

घागर अर्धीच असायची. प्रेमलालचं वय किती, त्याच्या मिशा कशा, याचा महागू दिवसभर विचार करू लागला. उकव्याच्या मंडईत त्याने दुकानावर फडकं टाकलं आणि तिच्या मागोमाग निघाला.

प्रेमलालच्या दुकानापुढे खाणीतल्या मजुरांचं कोंडाळं होतं. महागूने टाचा उंचावून पाहिलं. पदर कमरेला खोचून, बंदूक खांद्याला लावून अनुसया उभी होती. ढोलकीची थाप पडली की फुगा फुटायचा. प्रेमलालच्या बंदुकीची माशीही वाकडीच होती. तेवढा नेम ती बाजूला धरत होती. आठ. नऊ. दहा! लोकांनी टाळ्या पिटल्या. "बाई, रोज येत जा, फुकट मारा," प्रेमलाल हसून म्हणाला, "तुमच्या पायी दुकान भरते माह्यं."

म्हणजे तसलं काही नव्हतं. महागूने सुटकेचा श्वास सोडला खरा, पण लगेच त्याला दुसरंच काही डाचू लागलं. दहाच्या दहा? हिने?

वाटेत तो म्हणाला, "घरचं दुकान सोडून लोकाच्या दुकानात मारतं?"

"घरच्या दुकानात मले कोनं बंदूक देल्ली?"

बालाघाटच्या मंडईत त्याने तिच्या हाती बंदूक दिली आणि स्वतः चावीशी बसला. बाईच्या नेमाची बातमी अगोदरच पोचली होती. प्रेमलालचा भोंगा रिकाम्या जागेत कडाडत राहिला आणि अख्खी गर्दी महागूपुढे लोटली. हवं होतं ते सगळं झालं होतं. लांबलेल्या सुरावर अनुसया एकेक फुगा टिपत होती, आणि ओळखीपाळखीचे लोक महागूच्या देखत म्हणत होते, "महागूपेक्षा बाईच भारी!"

शेवटच्या फेरीला त्याने चावी दिली ती वीसच फेरे. हात थांबला, त्याने थांबू दिला. नऊ फुगे फुटले. दहाव्याला तिने श्वास रोखला आणि सनई रेंगाळत, घोगरी होत खाली बसली. छर्रा फळीत रुतला. गर्दी हळहळली, आणि महागूला आतून कसं गार गार वाटलं.

अनुसयेने बंदूक खाली ठेवली. लोकांना वाटलं, बाईचा नेम चुकला. पण पुऱ्या चावीवर सूर कधी बसत नाही, हे त्या मंडईत दोघांनाच ठाऊक होतं. ती वाकून त्याच्या कानाशी, कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "आता बरं वाटलं?"

महागूला मान वर करता येईना. बरं वाटलं होतं.