आमच्या दारातली ओली वाळू

आज सकाळी पुण्यातले आम्ही काही बिल्डर आणि वाळूवाले एकत्र आलो. चोरून उपसलेली नदीची वाळू कुणी विकायची नाही, कुणी घ्यायची नाही असं ठरलं. आमच्या कंपनीतर्फे सही मी केली. फोटोही टाकलाच होता, बघितला असेल.

संध्याकाळी मांजरी गावात सासरी गेले. वरच्या मजल्याच्या प्लास्टरसाठी ट्रक आला होता. ताडपत्रीखालून पाणी गळत होतं, म्हणजे वाळू नुकतीच नदीतून काढलेली, चोरूनच.

"आबा, ही कुणी दिली?"

सासरे खूश. "तुमच्या कंपनीच्याच वाळूवाल्यानं. आधी नाय म्हणत हुता. तुझं नाव सांगितलं, लगेच धाडली!"

सकाळी तो माझ्या शेजारीच बसला होता.

ट्रक मी परत पाठवला नाही. वाळू उतरली.

उद्या त्याला जाब विचारायचाय. कुठल्या तोंडाने विचारू, सांगा.