राहिलेले पंधराशे मीटर

माझ्या मेहुण्याइतका संताप आणणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंत दुसरा झाला नाही आणि होऊही नये. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ, खाडीकाठच्या मिठागरावर राबणाऱ्या घरातला. गावातली बाकीची पोरं क्रिकेट खेळायची, तर याने डेकॅथलॉन धरलं. म्हणजे धावणं, उड्या, गोळा, थाळी, भाला असे दहा खेळ एकट्याने दोन दिवसांत उरकायचे. लोकांना एक खेळ धड येत नाही, याला दहा हवे होते. मिठागराच्या बांधावर धावायचा आणि बांबू टेकवून त्याच्या जोरावर उडी मारायची तेव्हा खाली शेजारणीचा पेंढा अंथरायचा. ती बिचारी संध्याकाळी येऊन म्हणायची, "झाल्या असतील उड्या तर माझ्या म्हशींना जेवू दे."

माझं घर रोह्याजवळ वरशाला. हा त्यांच्या गावाजवळच्या कासू स्टेशनात गाडीत चढायचा तो बांबूसकट. बांबूचं एक टोक डब्यात, दुसरं प्लॅटफॉर्मवर, आणि मध्ये गार्डाशी भांडण. बहिणीकडे पाहुणा म्हणून येतोस, बांबू कशाला, असं मी एकदा खडसावून विचारलं. "घरी ठेवला तर आये त्याच्यावर कपडे वाळत घालते, भावजी," म्हणाला. माझ्या फाटकाची कडी त्याने जन्मात उघडली नाही. फाटक सताड उघडं असलं तर आधी लावून घ्यायचा आणि मग वरून उडी मारून आत यायचा. बायको म्हणायची, "अरे, माणसासारखा ये की." त्यावर उत्तर ठरलेलं, "सराव हाय, ताय."

एकदा त्याच्या राज्य पातळीवरच्या मोठ्या स्पर्धेला मी रजा टाकून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ खेळ झाले आणि हा पहिला होता. उरली होती फक्त पंधराशे मीटरची शर्यत. पदक मिळालं की खेळाडूंच्या कोट्यातून कायमची सरकारी नोकरी मिळणार होती. सासूबाईंनी देवापुढे नारळ आधीच ठेवला होता. तेवढ्यात आयोजकांना आठवलं की त्याच मैदानावर फुटबॉलचा सामना आहे आणि त्याचे पाहुणे येऊन बसलेत. दहावा खेळ रद्द, नवांवरच निकाल, असं त्यांनी भोंग्यावरून सांगून टाकलं. त्या माणसांचा मला आजही राग येतो. पण त्याहून जास्त राग या गाढवाचा येतो. पदक त्याच्या गळ्यात पडत होतं आणि हा मान मागे घेऊन म्हणाला, "नव खेलांचा बिल्ला मी नाय घेनार. दहावा धावतो, मग द्या."

मी ओरडलो, "घे रे मुकाट्याने." त्याने ऐकलं नाही. सरळ मैदानात घुसला आणि सामना चालू असताना आपली शर्यत धावायला लागला. दोन्ही संघ आणि पंच त्याच्या मागे लागले, पण कोणाच्या हाताला लागेना. शेवटी पोलिसांनी अर्ध्यात धरला. मुंबईच्या एका फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक हे सगळं बघत होता. त्याने चौकीवर येऊन याला सोडवला आणि पगारी खेळाडू म्हणून घेऊन गेला. नोकरी गेली, बांबू माझ्या पडवीत आला.

फुटबॉलमध्ये तर त्याने ताळच सोडला. चेंडूच्या इतका पुढे पळायचा की चेंडू मागेच राहायचा. रेषेबाहेरून चेंडू हाताने आत टाकायला दिला, तर तो मैदान ओलांडून पलीकडच्या रेषेबाहेर जायचा. दहा खेळांत प्रत्येक खेळानंतर विश्रांती असते, म्हणून एकदा जोरात धावला की हा गवतावर बसकण मारायचा. दहा खेळ खेळणाऱ्यांत आणखी एक रीत आहे. सगळं संपलं की हरलेले-जिंकलेले हातात हात घालून मैदानाला फेरी मारतात. याने पहिलाच सामना जिंकल्यावर हरलेल्या कप्तानाचा हात धरला. कप्तानाला वाटलं चिडवतोय. याचा ओठ फाटला. फोनवर मला म्हणाला, "फेरी कोन मारीतच नाय हो इथं."

काही वर्षांनी क्लबने करार वाढवला नाही. परत आला, डोलवीच्या पोलाद कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. तीन शिफ्टचं काम, गुडघे बोलायला लागलेले. ज्या नोकरीत आज साहेब झाला असता, ती आठवून मी त्याच्या तोंडावर बोललो. तो ऐकून घ्यायचा. मग एक दिवस फोन आला, "भावजी, रविवारी बांबू घेऊन या. बांध मोजायचा हाय."

एवढ्या वर्षांत त्या बांबूवर मी बायकोला एक टॉवेल टाकू दिला नव्हता. तो घेऊन मी रोह्याला गाडीत चढलो, आणि या वयात गार्डाच्या शिव्या मी खाल्ल्या. मिठागर आता बंद आहे, पण बांध शाबूत होता. त्याने बांबूने पंधराशे मीटर मोजले, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि एकटाच धावला. शेवटी तर लंगडतच आला. किती वेळ लागला ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"झाले दहा," म्हणाला आणि माझा हात धरला. "चला, फेरी."

बांधभर त्याला शिव्या घालायच्या, असं मी ठरवूनच आलो होतो. पहिल्या वळणापर्यंत घातल्याही. पुढे मला एकही शिवी आठवेना. त्याच्या तळहाताला घाम होता, आणि पदक घ्यायच्या वेळी मी त्याच्या बाजूने एक शब्द बोललो नव्हतो, तरी फेरीला त्याने मलाच बोलावलं होतं. माझाही गुडघा दुखत होता.

"हळू चाल," मी खेकसलो. तो हळू चालला.