राखीव

नाटकमंडळींना माणसांची खरी नावं लक्षात राहत नाहीत. मी रंगभूषा करायचो म्हणून मला सगळे दादा म्हणत, आणि जिच्याबद्दल सांगतोय तिला राखीवबाई. तोंडावर म्हणत. ती रागवायची नाही. राग मला यायचा, पण माझा राग म्हणजे मंडळींची फुकटची करमणूक. मी चिडलो की कुणीतरी हमखास खुर्ची ओढून बसायचं.

राखीव म्हणजे काय ते आधी सांगतो. आमचं नाट्यगृह ऑपेराचं. म्हणजे सगळं गाऊन. पाणी मागायचं तरी गाऊन. नायिका आजारी पडली तर खेळ रद्द करायला लागू नये, म्हणून एक दुसरी गायिका अख्खी भूमिका पाठ करून तयार ठेवलेली असते. तिने तालमीला कोपऱ्यात बसायचं, गायचं ते अर्ध्या आवाजात, आणि मुख्य बाईंना ‘बरं आहे ना?’ म्हणून विचारायचं. हा प्रश्न मनापासून विचारणारी राखीव मी आयुष्यात ही एकच पाहिली. एरवी ती समूहात गायची आणि दुसऱ्या अंकातल्या गर्दीत टोपली घेऊन इकडून तिकडे जायची.

आमचा हुकमी खेळ होता एक जुना इटालियन ऑपेरा. माळ्यावरच्या गारठलेल्या खोलीत राहणारे चार कंगाल दोस्त, कुणी कवी, कुणी चित्रकार. खिशात दमडी नाही आणि गप्पा राजवाड्याच्या. शेजारी शिवणकाम करून पोट भरणारी एक मुलगी. ती आणि कवी प्रेमात पडतात, भांडतात, दुरावतात, आणि शेवटी ती क्षयाने खंगून मरायला त्याच माळ्यावर परत येते. गोष्ट एवढीच. पण लोक धाय मोकलून रडत आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिकीट काढून रडायला येत.

ही मुलीची भूमिका राखीवबाईने तरुणपणी पाठ केली. नायिका आल्या, गेल्या, कुणी परदेशी गेल्या, कुणी संसाराला लागल्या. एकीच्याही घशाला कधी काही झालं नाही. पोलादी घसे मेले! आणि राखीवबाई पन्नाशी ओलांडून गेली.

तिचे यजमान पत्र्याचं काम करायचे. पेट्या, पन्हळी, धुराड्याचे नळ. ती मला दादा म्हणे, म्हणून मी त्यांना भाऊजी. पहिल्या अंकात माळ्यावर जी शेगडी पेटते ती भाऊजींनीच बनवलेली. त्यावरून मी तिला चिडवायचो, “घरातली शेगडी स्टेजवर गेली आणि बाई राहिली मागेच!” ती हसायची. म्हणायची, “शेगडीला वय नसतं, दादा.”

घरी मात्र ती अर्ध्या आवाजात गात नसे. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून सगळा ऑपेरा पूर्ण आवाजात गायची आणि भाऊजी उंबऱ्यावर बसून ऐकायचे. तिचं खरं गाणं ऐकलेला माणूस जगात तो एकच. इटालियनचं त्यांना अक्षर कळत नव्हतं, पण पोरगी कुठे लाजते, कुठे खोकते, कुठे खोटंच हसते, सगळं तोंडपाठ. हातोडीचा तालसुद्धा त्यावर धरत.

आणि नेमके त्याच माणसाचे कान गेले. पत्रा ठोकणाऱ्यांचे जातातच म्हणे. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग दाराची कडी, मग बायको. डॉक्टरने यंत्र दिलं. त्यातून नुसती खरखर यायची, म्हणून ते खणात जाऊन पडलं.

तेव्हापासून भाऊजींनी एकच धोशा लावला. ऐकू येत नाही तर नाही, एकदा बघायचं. भरलेल्या प्रेक्षागृहात, दिव्यांच्या उजेडात, ती गातेय आणि लोक रडतायत, एवढं बघायचं. बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने ते मला सांगायचे, “दादा, गाणं माझ्या डोक्यात आहे सगळं. तिचं तोंड हललं ना, की मला आतून ऐकू येईल.” प्रत्येक खेळाच्या दिवशी निघताना ते तिला विचारत, “आज?” ती मान हलवून सांगे, आज नाही. मग ते म्हणत, “पुढच्या वेळी.”

पण पुढच्या वेळाही संपत आल्या होत्या. इमारत विकली गेली होती. हा मोसम झाला की पडदे, पोशाख, शेगडी, आम्ही, सगळं बाहेर. यंदा राहिलं तर राहिलंच, हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. भाऊजींना सांगायचं धाडस कुणीच केलं नव्हतं.

त्या शेवटच्या मोसमाला नवा दिग्दर्शक आला. त्याला सगळं खरं हवं. गाणारी माणसं स्टेजवर खोकतात ती घसा सांभाळून, नुसत्या श्वासाने. हे महाशय म्हणाले, “हा खोकला नाही, हे खाकरणं झालं. छातीतून येऊ द्या!” नायिका बिचारी कामाची हौशी पोर. तालमीभर छातीतून खोकली. घरी जाऊनही खोकली असेल. आणि एका खेळाच्या दिवशी दुपारी आली ती तोंड उघडते तर आवाजच नाही. मरण्याचा सराव करता करता घसा आधीच मेला.

व्यवस्थापक धावत राखीवबाईकडे आले. “बाई, आज तुम्ही.”

तिने हातातली टोपली खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “दादा, ह्यांना...”

मी तसाच सुटलो. भाऊजींचं दुकान दोन गल्ल्या सोडून. मी दारातूनच ओरडलो, मग ओरडून उपयोग नाही हे आठवून भिंतीवर चिकटवलेल्या आमच्या जाहिरातीवर बोट ठेवलं, मग तुमची बाई म्हणून त्यांच्या घराच्या दिशेला दाखवलं. “आज?” त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी हातोडी इतक्या हळू खाली ठेवली, जणू ती काचेची होती. मग म्हणाले, “लग्नातला कोट होतोय का बघायला हवं.”

परत येऊन मी राखीवबाईला खुर्चीत बसवलं. माझी एक सवय आहे, गुरूंनी लावलेली. मी आधी अर्धा चेहरा पूर्ण करतो आणि मग आरशात बघत दुसरा अर्धा त्याला जुळवतो. सगळे हसतात, पण त्याने हात चुकत नाही. डावी बाजू घेतली. गालाचं ओघळलेलं मांस सावलीने वर उचललं, डोळ्याखालची जाळी बुजवली, ओठाच्या कोपऱ्याला जरा हसू दिलं. आरशात बघितलं तर डाव्या बाजूने विशीतली शिवणकामवाली आणि उजव्या बाजूने तिची सासू. ती खळखळून हसली. म्हणाली, “अशी होते का हो मी?” मी म्हटलं, “अशीच होतीस. हलू नकोस.”

तेवढ्यात दार उघडून दिग्दर्शक आत आला. मागे व्यवस्थापक, आणि गळ्याला पंचा गुंडाळलेली नायिका.

“तोडगा निघाला,” तो म्हणाला. “हिचा आवाज गेलाय, चेहरा नाही. ही स्टेजवर राहील, तोंड हलवेल. बाई विंगेतून गातील, काळ्या पडद्याआड. सगळीकडे असंच करतात.”

तसं करतात, हे खरं आहे. माझ्या मनात आलं ते मी बोललो नाही, असं मात्र नाही. बोललो. भरपूर बोललो. तो शांतपणे म्हणाला, “दादा, विशीची मुलगी दाखवायचीय. तुम्ही रंग लावाल हो, पण कंबर कुठून आणाल?” हातातोंडाशी आलेला घास असा गेला. नायिका राखीवबाईचा हात धरून नुसत्या श्वासाने ‘माफ करा, माफ करा’ म्हणत होती. तिच्यावर तरी काय चिडायचं?

मी कापूस भिजवला. राखीवबाईने मान मागे घेतली. “राहू दे दादा. अंधारात कोण बघतंय? गाऊन होईपर्यंत तरी राहू दे.”

पडदा उघडण्याआधी व्यवस्थापकांनी पुढे जाऊन रीतसर जाहीर केलं: नायिकेचा आवाज बसला आहे, आज गाणं यांचं. आणि तिचं पूर्ण खरं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. सगळ्या प्रेक्षागृहाला कळलं, एक माणूस सोडून. तो तिसऱ्या रांगेत बसला होता, छातीवर ताणलेल्या लग्नातल्या कोटात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तशा त्यानेही वाजवल्या. त्याला यातलं काही ऐकू जाणार नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एकदा जाहीर केलं की जगाला समजलं, अशी नाटकवाल्यांची समजूत असते. पुढे मला उसंत नव्हती. नायिकेला अंकागणिक आजारी करायची होती.

मी तिचं गाणं पूर्ण आवाजात पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं. मला गाण्यातलं फार कळत नाही. एवढंच सांगतो, की शेवटच्या अंकात माझ्या हातातली पावडरची डबी तशीच हातात राहिली आणि दिवे लावणारा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. उजेडात ती पोरगी पलंगावर ओठ हलवत होती. इकडे काळ्या पडद्याआड, घरात नेसायच्या पट्ट्यापट्ट्यांच्या साडीला हात पुसत, एक बाई मरत होती.

प्रेक्षागृह उठून उभं राहिलं. मी फटीतून बघितलं. सगळे उभे, डोळे पुसतायत, आणि तिसऱ्या रांगेत एकच माणूस बसलेला. हाताची घडी घालून. हलला नाही.

रिवाज असा, की विंगेतून गाणाऱ्याला शेवटी पुढे आणतात. नायिका विसरली नव्हती. ती धावत आली आणि हात पुढे केला. राखीवबाई एक पाऊल पुढे झाली. मग तिचा हात आपल्याच गालाकडे गेला. “अगं, अशा तोंडाने?” असं म्हणून ती मागे सरली. नायिकेने पुन्हा ओढलं. तेवढ्यात पडदा पडला.

भाऊजी मागच्या दाराने आले, तणतणत. समोर ती उभी. त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. एक बाजू बघितली, दुसरी बघितली.

“अर्ध्यावरनं उठवलं ना तुला?” ते ओरडले. “कुठाय तो मॅनेजर?”

“अहो, मीच गायले,” ती म्हणाली. ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश, बोट छातीवर ठेवून. “मी. सगळं. मीच.”

ते एकदम मऊ झाले. “हो गं. माझ्यासाठी तूच. खोटं कशाला सांगू? त्या पोरीचं तोंड हलत होतं आणि मला तुझंच ऐकू येत होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.” मग म्हणाले, “म्हणून मी उठलो नाही. सगळे उठले. तुझ्या जागेवर आलेलीला मी टाळ्या देणार होय?”

मी त्यांचे खांदे धरून गदागदा हलवले. “भाऊजी, तीच! ती गात होती!” त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. “दादा, तुम्हीही चांगले आहात,” ते म्हणाले. मग खिशातून रुमाल काढला, त्याचं टोक पाण्यात भिजवलं आणि तिचा डावा गाल पुसायला घेतला. “पुढच्या वेळी,” ते म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी.”

दुसऱ्या दिवसापासून बाहेरगावची एक मुलगी उसनी आणली, आणि राखीवबाईने पुन्हा टोपली उचलली. मोसम संपला. शेगडी भंगारात गेली.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. दार उघडंच होतं. भाऊजी उंबऱ्यावर बसलेले, पाठ माझ्याकडे. ती ओट्याशी उभी राहून त्यांच्याकडे तोंड करून शेवटचा अंक करत होती. त्यांचा हात गुडघ्यावर ताल धरत होता. मध्येच ते म्हणाले, “वा!”

मी दारातच थांबलो. घरात आवाज नव्हता. ती नुसते ओठ हलवत होती.